बारावा पडदा

ती पहिल्यांदा लक्षात आली ती एका चष्म्यामुळे.

सकाळची वेळ. शिवणाच्या त्या एका खोलीच्या दुकानात एक जाडजूड बाई माप द्यायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून फळीवर ठेवला. खिडकीतून तिरपे ऊन येत होते, ते नेमके चष्म्यावर पडले. मशीनवर बसलेल्या तिने मान वर केली नाही, पायही थांबवला नाही. डाव्या हाताने एक चिंधी उचलली आणि चष्म्यावर टाकली. झोपलेल्या बाळाच्या अंगावर आईने न बघता पांघरूण सरकवावे तशी.

"अगं, माझा चष्मा काय थंडीनं कुडकुडतोय की काय?" बाई म्हणाल्या.

"उन्हात काच उघडी ठेवू नये, काकू," ती म्हणाली आणि दोरा तोडला.

मग नजर फिरवली तर सगळ्या दुकानाचाच उलगडा झाला. आरशावर कापड होते. पाण्याच्या काचेच्या तांब्यावर फडके होते. बटणांच्या बरण्या उन्हाकडे पाठ करून एका कपाटात बसल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा कपाळावर घेरा शिवला होता, म्हाताऱ्या बायका डोळ्यांवर पदर ओढतात तसा.

गावात तिला पडदेवाली म्हणत. घरांचे पडदे शिवते म्हणून हे नाव पडले, असे निम्म्याहून अधिक लोकांना वाटे. ते खरे नव्हते. पडदे सगळेच शिंपी शिवतात. हे नाव तिला टेकडीवरच्या मनोऱ्याने दिले होते.

तो मनोरा म्हणजे जुने दीपगृह. कधी बांधले ते कुणालाच नीट सांगता येत नाही. वरचे भिंग जहाजातून पेट्यांत भरून आले होते. प्रत्येक काचेवर आकडा होता, आणि जोडणाऱ्यांनी सहाचा नऊ वाचल्यामुळे पहिल्या महिन्यात दिव्याचा उजेड समुद्रावर न पडता गावावर पडायचा, ही गोष्ट तिच्या बाबांना फार आवडायची. बाबा तिथले दिवेवाले. एकूण एक्क्याण्णव पायऱ्या, आणि पायथ्याशी दोन खोल्यांचे घर. तिचा जन्म तिथलाच.

दिवेवाल्यांचे खरे काम रात्रीचे असते असे आपल्याला वाटते. बाबा म्हणायचे, "रात्री काय, दिवा आपला आपण जळतो. सांभाळायचं ते दिवसा." कारण भिंग हे दुधारी असते. आतला उजेड ते बाहेर फेकते, तसे बाहेरचे ऊन आत गोळा करते. माणसापेक्षा उंच भिंग, चारी बाजूंनी बारा काचा, आणि त्यात दिवसभराचा सूर्य. तसेच उघडे ठेवले तर आतल्या दिव्याची पितळी टोपी वितळते, लाकूड पेटते. म्हणून दिवस उजाडायच्या आत बाराही काचांना जाड पडदे लावायचे आणि दिवस मावळला की काढायचे. एकही दिवस सुटी नाही.

घरात दिवा "विझवला" असे कुणी म्हणत नसे. आपल्याकडे जुनी माणसे तो शब्द टाळतातच; पण या घरात त्याला स्वतःचा शब्द होता. दिव्याला झोपवायचे. सकाळी बाबा भिंगाभोवती फिरत एकेक पडदा लावीत जायचे, आणि शेवटचा, बारावा, आई लावायची. त्या काचेपाशी जागा अरुंद होती, बाबांचे पोट मध्ये यायचे. आई बारीक. ती आत शिरायची, टाचा उचलून हूक अडकवायची आणि म्हणायची, "झोपला हो." मग बाबा वहीत लिहायचे, पडदा लागला. पडदेही आईनेच शिवलेले होते. दुहेरी काठाचे, आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने आकडे, एक ते बारा.

ती नऊ वर्षांची असताना आई आजारात गेली. बारावा पडदा तिच्याकडे आला. हात पुरत नव्हता म्हणून बाबांनी एक स्टूल करून दिले. पुढे पंधरा वर्षे आईच्या पडद्यांना ठिगळे लावून तिने ते जगवले. शिवण ती तिथेच शिकली.

चोविसाव्या वर्षी पत्र आले. धक्क्यावर लोखंडी खांब उभा राहिला होता, त्याच्या डोक्यावर आपोआप लागणारा आणि आपोआप बंद होणारा दिवा बसला होता, त्यामुळे "सदर दीपगृहाचा दिवा कायमचा विझवण्यात येत आहे." बाबांनी पत्र दोनदा वाचले आणि तेवढ्या एका शब्दावर अंगठा ठेवून बसले.

सामान जमा करून घ्यायला कचेरीतून कारकून आले. हसतमुख, घामाघूम माणूस, हातात लांबलचक यादी. गावाने त्यांचे नाव यादीवाले साहेब ठेवले.

"भिंग जड आहे, ते राहू दे इथंच," ते म्हणाले. "आता पडदे. नग बारा. ते मी घरगुती सामानात घेतलेत."

"ते घरातले नाहीत साहेब," बाबा म्हणाले. "दिव्याचे आहेत."

"दिव्याला पडदे? दिवा काय नवी नवरी आहे?"

बरोबरचे हमाल हसले. बाबा हसले नाहीत. "तो दिवसा झोपतो. पडदा नसला तर झोपत नाही."

"अहो, आता कायमचाच झोपवला ना त्याला? मग पांघरूण कशाला?"

भिंगाचा एकेक तुकडा सुटा करून पुन्हा जोडणाऱ्या बाबांना साहेबांपुढे चार वाक्ये सलग बोलता येत नसत. त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "साहेब, ऊन आत येतं त्यातून. जाळतं." यादीवाले म्हणाले, "बंद खोलीत ऊन कुणाला जाळणार, पोरी?" आणि बारा पडद्यांची घडी हमालाच्या डोक्यावर गेली.

उन्हात पडदा नसलेले भिंग ठेवून खाली उतरताना बाबा प्रत्येक वळणावर थांबत होते. घरात तान्हे मूल ठेवून आल्यासारखे.

ती दोघे गावात बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आली, आणि तिने शिवणाचे दुकान काढले. मागच्या खिडकीतून टेकडी दिसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बेकरीवाल्या मावशी जिन्यावरूनच ओरडल्या, "अगं, बघ तरी! दिवा लागलाय!"

लागला होता. कुलूपबंद मनोऱ्याच्या डोक्यावर भर दिवसा एक पांढरा, न हलणारा उजेड पेटला होता. तासभर टिकला आणि सरकत सरकत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता. तिसऱ्या दिवशीही.

ऊन आहे, भिंग आहे, पडदा नाही, हे शिकलेल्या लोकांनी सांगून पाहिले. पण सांगणारेसुद्धा चारच्या सुमारास टेकडीकडे पाठ करूनच सांगत. धक्क्यावर जाळी विणणाऱ्यांनी बसायची बाजू बदलली. टेकडीच्या उतारावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या एकेक करून खाली आल्या. आणि बाबांची झोप गेली.

गेली म्हणजे अगदी गेली. रात्री नाही, दुपारी नाही, डुलकीसुद्धा नाही. "तो जागा आहे, मी कसा झोपू?" एवढेच म्हणायचे. डोळे खोल गेले. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, मावशींचे दूध झाले. तिला एकच उपाय दिसत होता. पडदे परत आणायचे, नाहीतर बाबा हातचे जाणार.

तिने अर्ज केला. उत्तर आले की बंद दीपगृहास पडदे पुरवण्याची तरतूद नाही. दुसरा केला. उत्तर आले की पडदे घरगुती सामानात मोडत असल्याने दीपगृहाचा त्यांच्याशी संबंध नाही. तिसरा अर्ज घेऊन ती स्वतः कचेरीत गेली. यादीवाले साहेबांनी ओळखले, बसायला खुर्ची दिली. त्यांच्या पाठीमागच्या खिडकीवर जाड मळकट पडदा होता. दुहेरी काठाचा. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा सात.

"छान कापड आहे हो तुमचं," साहेब मनापासून म्हणाले. "ऊन म्हणून आत येत नाही. बाराच्या बारा कापून बेतले. सगळी कचेरी गार झाली."

ती अर्ज न देताच उठून आली.

याच सुमाराला बाबांच्या कोटाला भोके पडू लागली. बटणाएवढी, काठ करपलेली. कधी बाहीवर, कधी पाठीवर. ती मुकाट्याने रफू करायची. मावशी म्हणाल्या, "तुझे बाबा या वयात सिगरेटी ओढायला लागले की काय?" बाबा रोज तीनला फिरायला म्हणून बाहेर पडायचे आणि साडेपाचला परत यायचे. ती म्हणाली, "ओढू देत. तेवढाच विरंगुळा."

मग एकदा त्यांना ताप भरला. तीन दिवस उतरेना. चौथ्या दिवशी दुपारी ते एकदम उठून बसले.

"चार वाजले?"

"आत्ताशी तीन होतायत. पडा बघू."

"कोट दे."

"कुठं निघालात? अंग भाजतंय तुमचं."

"माझं राहू दे. तिच्या अंगावर ऊन येतं."

"कुणाच्या?"

धडा येत नसलेल्या मुलाकडे बघावे तसे त्यांनी तिच्याकडे पाहिले. "कुणाच्या म्हणजे? तुझ्या आईच्या. बाराव्या काचेपाशी उभी आहे. पडदा मिळत नाही म्हणून हलत नाही. तुला ठाऊक आहे ना ती कशी आहे ते, काम अर्धं टाकून यायची नाही. मी जाऊन कोट धरतो म्हणून बरं. गेले तीन दिवस ते पण नाही."

तिने हातातली पाण्याची पट्टी वाटीत ठेवली. बाबांना हाताने आडवे करत ती म्हणाली, "तुम्ही पडा. आज मी धरते."

मावशींना वर बसवून ती टेकडी चढली. मनोऱ्याच्या दारातच कचेरीने ठेवलेला चौकीदार भेटला.

"तुमचे बाबा रोज तासभर असतात वर," तो म्हणाला. "काय करता विचारलं तर म्हणतात, सावली धरतो. मी म्हटलं धरा बाबा, कुणाला काय नि कुणाला काय."

"आणि हे तीन दिवस? दुसरं कुणी गेलं होतं?"

"किल्ली ही काय, खुंटीवर. कोण जातंय या खुराड्यात?"

एक्क्याण्णव पायऱ्या तिच्या पायांना पाठ होत्या. वरच्या झडपेतून डोके बाहेर काढले आणि आधी वास आला. गरम इस्त्री कापडावर विसरली की येतो तो. काचेच्या त्या कोंडलेल्या खोलीत भट्टीसारखे उकडत होते. तिने खाली पाहिले, आणि झडपेच्या काठाला धरून तशीच उभी राहिली.

फळ्यांच्या जमिनीवर ओळी होत्या. करपलेल्या, काळ्या-तपकिरी, एकीला लागून एक. रोज सूर्याचा एक ठिपका भिंगातून गोळा होऊन जमिनीवर चालत गेला होता, आणि रोज सूर्य थोडा सरकत असल्याने रोजची ओळ वेगळी उमटली होती. दुरेघी वहीचे पान असावे तशी जमीन. आणि वहीला समास असतो तसा या पानालाही होता. बाराव्या काचेच्या पुढ्यात, दोन वीत रुंद, प्रत्येक ओळ तुटली होती आणि पलीकडे पुन्हा सुरू झाली होती. समासातले लाकूड स्वच्छ होते. त्यात दोन उथळ खळगे होते, वर्षानुवर्षे कुणी त्याच जागी टाचा उचलून उभे राहिल्याने पडलेले. लहान पावलांचे.

बाबांचा कोट, तिने मनाशी म्हटले. बाबा इथे कोट धरायचे, म्हणून इथे जळले नाही. तिला बरे वाटले. मग तिने शेवटच्या ओळी मोजल्या. सगळ्यांत ताज्या तीन ओळींवर अजून राख होती. बाबा आले नव्हते त्या तीन दिवसांच्या. त्याही तिथेच तुटल्या होत्या.

ती झडपेच्या काठावर बसली. चार वाजले असावेत. समोरच्या फळीवर एक ठिपका उमटला. बटणाएवढा, बघवणार नाही इतका पांढरा. त्यातून दोऱ्यासारखा बारीक धूर निघाला. ठिपका चालू लागला, गोगलगायीच्या गतीने, मागे काळी रेघ सोडत. भिंगावर इंद्रधनुष्याचे तुकडे हलत होते. बाहेर वारा असूनही आत कसलाही आवाज नव्हता. ठिपका समासाच्या काठाशी आला आणि नाहीसा झाला. धूर तुटला.

तिने वर पाहिले. काच उघडी. ऊन तसेच. मध्ये काहीही नव्हते. ती मोजत बसली, लहानपणी शिकली होती तशी, हळू आणि सलग. सातशेच्या पुढे आकडा गेला तेव्हा समासाच्या पलीकडच्या काठावर ठिपका पुन्हा पेटला आणि धुराचा दोरा वर चढला. जणू कुणाच्या पाठीवरून ऊन उतरून पुढे गेले होते.

ती ओरडली नाही, पळाली नाही. झडप लावून, पायऱ्या उतरून, किल्ली खुंटीला अडकवून घरी आली. बाबांनी विचारले, "धरलास?" ती खोटे बोलली, "हो."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात आलेल्या प्रत्येकाकडे तिने उरलेसुरले कापड मागितले. कशाला म्हणून विचारले तर सांगायची, "दिव्याला झोपवायला." चारचा उजेड सगळ्यांनाच नकोसा झाला होता, दुसऱ्यांदा कुणी विचारले नाही. पँटींचे तुकडे आले, जुन्या चादरी आल्या, मावशींनी मैद्याची पोती धुऊन दिली, जाळीवाल्यांनी शिडाचे कापड दिले. यादीवाल्या साहेबांच्या एका मेहुण्याने चांगला लोकरी कोटच आणून टाकला आणि "नाव सांगू नका" म्हणाला. अकरा दिवस मशीन चालत होते. पडदे असे दिसत होते की सगळे गाव कापून पुन्हा जोडले आहे. दुहेरी काठ ती विसरली नाही. कोपऱ्यातले लाल आकडेही नाही.

बाराव्या दिवशी साडेतीनला ती गठ्ठा पाठीवर घेऊन चढली. चौकीदार अर्ध्या जिन्यापर्यंत आला आणि "पुढं तुमचं तुम्ही बघा, ताई, मला गुडघ्याचा त्रास आहे" म्हणून थांबला. पहिला पडदा लावला, दुसरा लावला. एकेक काच मिटत गेली तशी खोली अंधारत आली. अकरा झाले. बाराव्या काचेतून उन्हाची एक फळी तेवढी आत उभी होती.

पडदा लावायचा तर त्या समासातच पाय ठेवायला हवा होता. तिने पाऊल पुढे केले. उकाड्याने अंगावरचे कपडे चिकटले होते, आणि एकदम घोट्यांना गारवा लागला. पहाटेच्या फरशीचा असतो तसा. तो गुडघ्यापर्यंत आला, मनगटांना लागला. वर हूक दिसत होता, पण हात त्याच्यापर्यंत जाईना. कुणी मध्ये उभे असले की जात नाही, तसा.

स्वयंपाकघरात दोघींना एकदम ओट्यापाशी काम असले की म्हणतात, त्याच आवाजात ती म्हणाली, "आई, सरक ना जरा. मी लावते."

काही झाले नाही. क्षणभराने तिच्या उजव्या हाताला मोकळे वाटले. तिने टाचा उचलल्या, हूक अडकवला, पडदा ओढला. अंधार झाला. सवयीने तोंडातून निघाले, "झोपला हो." तेव्हा तिच्या लक्षात आले की गारवाही राहिला नव्हता. खोली नुसतीच उकडत होती, कुठल्याही बंद खोलीसारखी.

त्या दिवशी चार वाजता सगळे गाव आपापल्या दारात उभे होते. मनोरा काळा राहिला.

बाबा खिडकीशीच बसले होते. तिने सांगितले, "पडदा लागला."

"बारावासुद्धा?"

"बारावासुद्धा."

"सरकली का ती?"

"सरकली."

"कटकट केली असेल."

"अजिबात नाही."

"तुझं ऐकते," बाबा म्हणाले, आणि खुर्चीतच मान कलती करून झोपले. मावशी वर डोकावल्या आणि घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरून आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते घोरत होते. पुढे चार वर्षे जगले, आणि त्या चार वर्षांत त्यांची झोप हा बेकरीत थट्टेचा विषय होता.

शाळेतले विज्ञानाचे सर बऱ्याच वर्षांनी एकदा तिच्याबरोबर वर जाऊन आले. त्यांनी बाराव्या बाजूच्या भिंगात एक तडा दाखवला. तड्यावर ऊन पडले की ते विखुरते, गोळा होत नाही, म्हणून तेवढ्या जागी जळत नसणार, असे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. आकृती बरोबर होती. ती म्हणाली, "तसंच असेल, सर." तड्याने गारवा येतो का, हे तिने विचारले नाही. सर भला माणूस आहे.

आता ती अडुसष्ट वर्षांची आहे. बेकरीच्या वरच्या त्याच दोन खोल्यांत राहते. दुकान सकाळी नऊ ते एक उघडे असते. मनोऱ्याची किल्ली मशीनशेजारच्या खिळ्याला असते. खाऱ्या वाऱ्याने कापड कुजते, म्हणून वर्षातून दोनदा ती पडदे धुवायला खाली आणते आणि दुकानामागच्या दोरीवर वाळत घालते. अकरा असतात. बारावा वरच राहतो.